पडद्यावरचे आकाश

१. प्रस्तावना

पाण्यात उतरल्याशिवाय पोहणे येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. सायकल असो, शिवणयंत्र असो की कुंभाराचे चाक असो, कोणतीही विद्या हात चालवल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. पोहायला शिकणाऱ्याच्या नाकातोंडात पहिल्या दिवशी पाणी जाते आणि तो सावरतो. परंतु विमान चालवायला शिकणाऱ्याने काय करावे? आकाशात पहिलीच चूक अखेरची ठरू शकते. चूक करून शिकता यावे आणि त्या चुकीची किंमत जिवाने मोजावी लागू नये, अशी सोय माणसाने शोधून काढली. तिचे नाव सिम्युलेटर, म्हणजे आभासी उड्डाणाचे यंत्र.

एके काळी फक्त सैन्यदलांना व विमान कंपन्यांना परवडणारी ही सोय आज साध्या संगणकावर आली आहे. ती समजावून सांगणाऱ्या शेकडो व्हिडिओ वाहिन्याही इंटरनेटवर आहेत. त्यांतील काही उत्तम शिक्षक आहेत, तर काही नुसता वेळ घालवतात. या पाठात आभासी उड्डाणाची ओळख करून घेऊन चांगली वाहिनी कशी निवडावी याचा विचार केला आहे. हा विचार विमानापुरता मर्यादित नाही. जो माणूस शाळेच्या भिंतींबाहेर, स्वतःच्या वेळात व स्वतःच्या हिमतीवर शिकतो, त्याला आपला शिक्षकही स्वतःच पारखून घ्यावा लागतो.

२. उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• सिम्युलेटरचा उगम व उपयोग स्वतःच्या शब्दांत सांगणे.
• आभासी उड्डाणाच्या विकासातील बेंगळुरू शहराचे स्थान स्पष्ट करणे.
• माहितीपर व्हिडिओची विश्वसनीयता कसोट्यांच्या आधारे तपासणे.
• परभाषेतून मराठीत आलेल्या शब्दांचे लिंग व रूपे ओळखणे.

३. मूळ पाठ

(अ) भात्यातून जन्मलेले विमान

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचे गाव आहे. तेथे एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन हे वाद्य हवेच्या दाबावर वाजते. आपल्याकडील पेटीचा भाता ज्याने पाहिला आहे, त्याला त्याची रचना सहज कळेल. लिंकला विमानाचे वेड होते. परंतु विमान चालवण्याची शिकवणी फार महाग होती. तेव्हा त्याने कारखान्यातील भाते, झडपा व पंप वापरून १९२९ च्या सुमारास एक छोटे विमान तयार केले. ते जमिनीवरच्या बैठकीवर बसवलेले होते. आत बसलेल्याने दांडा पुढे ढकलला की ते नाक खाली करी, मागे ओढला की वर करी आणि बाजूला झुकवला की कलंडे. ते उडत मात्र नसे.

प्रारंभी लोकांनी या यंत्राकडे खेळणे म्हणून पाहिले. जत्रेतील पाळण्याप्रमाणे ते करमणुकीच्या बागांमध्ये ठेवले गेले. १९३४ मध्ये चित्र पालटले. त्या वर्षी अमेरिकेत विमानाने टपाल नेण्याचे काम सैन्याच्या वैमानिकांवर सोपवण्यात आले. धुके, पाऊस व अंधार यांत केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. थोड्याच दिवसांत अनेक वैमानिकांना प्राण गमवावे लागले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी या यंत्रावर सराव केला. ज्याला खेळणे म्हणून हसले, त्यानेच पुढे असंख्य जीव वाचवले.

(आ) बेंगळुरू : आधी जमिनीवर, मग आकाशात

भारतात विमानविद्येचे माहेरघर म्हणावे असे शहर बेंगळुरू होय. याची पायाभरणी एका महाराष्ट्रीय उद्योजकाने केली. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. तीच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे ‘हॅल’, या नावाने सर्वश्रुत झाली. १९४२ मध्ये येथील भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. कालांतराने राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा व संरक्षण खात्याच्या विमानविषयक संशोधन संस्था याच शहरात आल्या.

या संस्थांच्या एकत्रित कष्टांतून ‘तेजस’ हे हलके लढाऊ विमान साकारले. त्याच्या घडणीत सिम्युलेटरचा वाटा मोठा आहे. तेजसची रचना मुद्दामच काहीशी अस्थिर ठेवलेली आहे. तळहातावर उभी काठी तोलून धरणारा खेळाडू आठवावा. काठी क्षणोक्षणी कोठे तरी कलते आणि त्याचा हात क्षणोक्षणी तिला सावरतो. अस्थिर विमान झटकन वळते, हा त्याचा लाभ. परंतु त्याला सावरणे मानवी हाताच्या गतीपलीकडचे असते. म्हणून विमानातील संगणक प्रत्येक सेकंदाला अनेक वेळा पंखांवरील झडपा हलवून तोल सांभाळतो. कोणत्या क्षणी कोणती झडप किती हलवावी, याचे गणिती नियम आधीच ठरवावे लागतात.

असे नियम चुकले तर पहिल्याच उड्डाणात विमान व वैमानिक दोन्ही गमवावे लागतील. म्हणून ते नियम प्रथम जमिनीवर पारखले गेले. बेंगळुरूमधील सिम्युलेटरमध्ये बसून वैमानिकांनी अजून न उडालेले विमान वारंवार उडवले, त्यातील दोष दाखवले आणि अभियंत्यांनी ते सुधारले. मे १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले व तिकडून मिळणारे तांत्रिक साहाय्य थांबले. उरलेले काम येथील तज्ज्ञांनी स्वबळावर पूर्ण केले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी हॅलच्या विमानतळावरून त्या विमानाचे पहिले उड्डाण केले आणि ते सुखरूप खाली उतरवले. जगाच्या दृष्टीने ते पहिले उड्डाण होते. चालवणाऱ्याच्या हातांना मात्र ते विमान अनोळखी नव्हते.

पाठगत प्रश्न – १
१. लिंकच्या यंत्रातील हालचाल कशामुळे होत असे?
 (क) वाफेमुळे (ख) हवेच्या दाबामुळे (ग) चुंबकामुळे (घ) घड्याळाच्या कमानीमुळे
२. कंसातील योग्य शब्द निवडून वाक्य पूर्ण करा.
 तेजसची रचना मुद्दाम काहीशी ______ ठेवलेली आहे. (जड / अस्थिर / लांब)
३. तळहातावरील काठीचा दृष्टान्त कोणती गोष्ट समजावण्यासाठी दिला आहे?

(इ) मोठे सिम्युलेटर आणि घरचा संगणक

विमान कंपन्या वापरतात तो मोठा सिम्युलेटर सहा यांत्रिक पायांवर उभा असतो. हे पाय लांब-आखूड होऊन खोलीला हव्या त्या दिशेने हलवतात. खोली फार तर काही फूट सरकते. तरीही आत बसलेल्याला धावपट्टीवर वेगाने धावल्याची जाणीव कशी होते? खोली हळूच मागे कलवली जाते, पण समोरच्या पडद्यावरील क्षितिज मात्र सरळच ठेवले जाते. बसलेल्याची पाठ आसनावर दाबली जाते. कानातील तोल सांभाळणारा अवयव तो दाब ओळखतो, डोळे पुढे धावणारी धावपट्टी पाहतात आणि मेंदू निष्कर्ष काढतो, की आपण वेग घेत आहोत. शरीराची ही फसवणूक शिक्षणासाठी केलेली असते.

घरच्या संगणकावर पाठीला दाब देणारी ही सोय नसते. तेथे विमानाची उपकरणे दिसतात, हवेचे नियम बऱ्याच अंशी खऱ्यासारखे पाळले जातात. परंतु शरीर खुर्चीतच राहते. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घरगुती संगणकासाठी ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा कार्यक्रम आणला. तेव्हा जमीन म्हणजे पडद्यावरच्या काही रेघा होत्या. २०२० मधील त्याच्या आवृत्तीत उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून सारी पृथ्वी उभी केलेली आहे. ‘एक्स-प्लेन’ हाही असाच नावाजलेला कार्यक्रम आहे. हे कार्यक्रम विकत घ्यावे लागतात आणि त्यांच्या नव्या आवृत्त्यांना शक्तिमान संगणक लागतो. याउलट ‘फ्लाइटगिअर’ हा कार्यक्रम स्वयंसेवकांनी तयार केलेला असून तो विनामूल्य मिळतो. नवशिक्याने खर्च करण्यापूर्वी येथून प्रारंभ करावा.

(ई) वाहिन्यांचे तीन प्रकार

कार्यक्रम हाती आला तरी पुढे काय करावे, हे कळत नाही. शेकडो कळा व तबकड्या समोर दिसतात आणि इंजिनही सुरू होत नाही. अशा वेळी व्हिडिओ वाहिन्या उपयोगी पडतात. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाल्यापासून आणि २०१६ नंतर भारतात मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यापासून त्या सर्वांच्या आवाक्यात आल्या आहेत. या वाहिन्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार शिकवणाऱ्या वाहिन्यांचा. ‘३२० सिम पायलट’ या वाहिनीवर एअरबस ए-३२० हे प्रवासी विमान प्रत्यक्ष चालवणारा वैमानिक तेच विमान संगणकावर कसे सुरू करावे, कसे उतरवावे, हे टप्प्याटप्प्याने दाखवतो. ‘फ्लाइटडेक टू सिम’ ही वाहिनी बोइंग ७३७ साठी हेच काम करते. अशा वाहिन्यांवरील व्हिडिओ लांब असतात; ते समोर वही ठेवून पाहावे लागतात.

दुसरा प्रकार उलगडा करणाऱ्या वाहिन्यांचा. ‘मेंटूर पायलट’ ही वाहिनी बोइंग ७३७ चे कॅप्टन असलेले स्वीडनचे पेटर हर्नफेल्ट चालवतात. विमान अपघात का घडला, वैमानिकांनी कोणत्या क्षणी काय पाहिले व काय गृहीत धरले, हे ते अधिकृत तपास-अहवालांच्या आधारे आणि आभासी उड्डाणाच्या दृश्यांतून समजावतात. त्यांत दोषारोपापेक्षा कारणांचा शोध अधिक असतो. ‘कॅप्टन जो’ ही वाहिनी प्रवाशांच्या मनात येणाऱ्या साध्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरे देते. ‘७४ गिअर’ ही वाहिनी चालवणारा बोइंग ७४७ चा वैमानिक चित्रपटांतील विमानदृश्ये कितपत खरी असतात, हे हसतखेळत सांगतो.

तिसरा प्रकार रमवणाऱ्या वाहिन्यांचा. ‘स्क्विरल’ ही इंग्लंडमधील वाहिनी नवे कार्यक्रम व नवी आभासी विमाने चालवून पाहते आणि फजितीही मोकळेपणाने दाखवते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हॅटसिम’ या जागतिक जाळ्यावर कोणी वैमानिक तर कोणी हवाई नियंत्रक होतो आणि खऱ्या पद्धतीनुसार परस्परांशी बोलतो. तेथील पूर्ण प्रवासांचे व्हिडिओही पाहायला मिळतात. करमणुकीला कमी लेखू नये. आवड टिकली तरच अभ्यास टिकतो.

याहून खोलात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमात विमानविद्येवरील महाविद्यालयीन व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांत झगमगाट नाही. फळा आणि गणित आहे.

पाठगत प्रश्न – २
१. योग्य जोड्या लावा.
 (क) फ्लाइटगिअर (१) अपघातांचा उलगडा
 (ख) मेंटूर पायलट (२) विनामूल्य कार्यक्रम
 (ग) व्हॅटसिम (३) आभासी वैमानिक व नियंत्रक
२. मोठ्या सिम्युलेटरमध्ये वेग घेतल्याची जाणीव कशी निर्माण केली जाते?

(उ) पारख

वाहिनीच्या वर्गणीदारांची संख्या म्हणजे तिची विश्वसनीयता नव्हे. जत्रेत सर्वांत मोठी गर्दी जादूगाराभोवती असते. म्हणून कोणी जादूगाराकडून औषध घेत नाही. व्हिडिओ पारखण्यासाठी पुढील कसोट्या वापराव्यात.

पहिली कसोटी ज्ञानाची. यासाठी एकच शब्द पुरेसा आहे : ‘स्टॉल’. मोटारीच्या संदर्भात या शब्दाचा अर्थ इंजिन बंद पडणे असा होतो. विमानाच्या बाबतीत तो अर्थ पूर्णतः चुकीचा आहे. पंख समोरून येणाऱ्या हवेशी एक कोन करतो. हा कोन वाढत जाऊन साधारणतः १५ अंशांच्या आसपास पोहोचला की पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून हवा सुरळीत वाहत नाही आणि विमानाला उचलून धरणारे बल एकाएकी घटते. यालाच स्टॉल म्हणतात. त्या वेळी इंजिन उत्तम चालू असू शकते. विमान खाली जाऊ लागले की घाबरलेला नवशिका दांडा मागे ओढतो, म्हणजे नाक आणखी वर करतो आणि संकट वाढवतो. योग्य उपाय याच्या उलट आहे. दांडा पुढे करून नाक खाली करावे, हवा पुन्हा पंखावरून सुरळीत वाहू द्यावी आणि मगच विमान वर घ्यावे. जमीन समोर दिसत असताना नाक जमिनीकडे वळवायला मन तयार होत नाही. म्हणूनच हा धडा सरावानेच येतो आणि तो सराव पडद्यावर विनाधोका करता येतो. एखादी वाहिनी स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे असे सांगत असेल, तर तिच्या बाकीच्या सांगण्यावर किती विसंबावे, हे आपण ठरवावे.

दुसरी कसोटी प्रामाणिकपणाची. सांगणारा कोण आहे, तो कोणता कार्यक्रम व त्याची कोणती आवृत्ती वापरत आहे, हे सांगितलेले असावे. झालेली चूक लपवण्याऐवजी तो ती दाखवतो का, दुरुस्ती देतो का, हे पाहावे. वेगाने कापून जोडलेल्या व्हिडिओत प्रत्येक विमान अलगद उतरते. पण चुकलेले उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचा निर्णय दाखवणारा व्हिडिओ अधिक शिकवून जातो.

तिसरी कसोटी सत्यासत्याची. आभासी दृश्ये आता इतकी हुबेहूब दिसतात, की संगणकावरील खेळांतील विमाने व युद्धे खऱ्या घटना म्हणून पसरवली जातात. चांगली वाहिनी दृश्य आभासी असल्याचे स्पष्ट सांगते. असे सांगितलेले नसेल, तर तो व्हिडिओ पुढे पाठवू नये.

चौथी कसोटी हेतूची. घरबसल्या वैमानिक बनवण्याचे आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्या व्हिडिओपासून सावध राहावे. घरच्या संगणकावरील सरावाचे तास परवान्यासाठी मोजले जात नाहीत. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वय, शिक्षण, वैद्यकीय तपासणी व प्रत्यक्ष उड्डाणाचे तास यांच्या अटी असतात. त्या वेळोवेळी बदलतात. म्हणून त्या महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच वाचाव्यात.

पाचवी कसोटी आपल्या स्वतःची आहे. व्हिडिओ संपल्यावर पडदा बंद करावा आणि नवीन कळलेल्या गोष्टी चार ओळींत मराठीत लिहाव्यात. लिहिता आले तर व्हिडिओने काही दिले. न आले तर नुसता वेळ गेला. शक्य असेल तर तीच कृती संगणकावर करून पाहावी, जेथे अडेल तेथे व्हिडिओ पुन्हा पाहावा.

शोधण्याचीही एक रीत आहे. वस्तूचे नाव टाकून शोधले तर तमाशा सापडतो. प्रश्न टाकून शोधले तर उत्तर सापडण्याचा संभव अधिक. ‘विमान’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘आडव्या वाऱ्यात विमान कसे उतरवतात’ असे विचारावे. यांतील बहुतेक वाहिन्या इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी आहे. परंतु व्हिडिओचा वेग कमी करता येतो, बोललेले शब्द खाली अक्षरांत उमटवता येतात आणि नवीन शब्द वहीत टिपता येतात. वैमानिकांची इंग्रजी नेमक्या व थोड्या शब्दांची असते. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने कान त्यांना लवकर सरावतो.

(ऊ) पडद्याची मर्यादा

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या एका प्रवासी विमानावर पक्ष्यांचा थवा आदळला. सुमारे २,८०० फूट उंचीवर दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीच्या पात्रात उतरवले आणि विमानातील सर्व १५५ जण वाचले. पुढे तपासात प्रश्न निघाला, की विमान परत धावपट्टीवर नेता आले असते का? सिम्युलेटरमध्ये तो प्रसंग पुन्हा उभा करण्यात आला. पक्षी आदळताच तत्काळ विमान वळवले, तेव्हा काही प्रयत्नांत धावपट्टी गाठता आली. मग परिस्थिती समजून घ्यायला लागणारा वेळ म्हणून ३५ सेकंद धरण्यात आले. त्या प्रयत्नात विमान धावपट्टीपर्यंत पोहोचू शकले नाही.

या ३५ सेकंदांत फार मोठा अर्थ आहे. सिम्युलेटरमध्ये बसलेल्यांना काय घडणार हे आधीच ठाऊक होते. खऱ्या वैमानिकाला ते ठाऊक नव्हते. यंत्र हवेचे गणित अचूक मांडू शकते, परंतु अनपेक्षित संकटाने थबकलेले मानवी मन त्यात आपणहून येत नाही. ते आपल्याला आठवणीने मिळवावे लागते. पडद्यासमोर बसून अपघाताचा व्हिडिओ पाहणाऱ्याने, ‘मी असतो तर वाचवले असते,’ असे म्हणण्यापूर्वी हे ३५ सेकंद आठवावेत.

म्हणून पडद्यावर शिकलेले शक्य तेव्हा प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. बेंगळुरूमध्ये राहणाऱ्यांना हे सोपे आहे. कस्तुरबा मार्गावरील विश्वेश्वरय्या औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयात राइट बंधूंच्या १९०३ मधील विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती आहे. हॅलच्या संग्रहालयात येथे घडलेली विमाने जवळून पाहता येतात. इतर ठिकाणी राहणाऱ्यांना आकाश तर आहेच. वाऱ्यावर पंख न हलवता तरंगणारी घार उतरताना पंखांचा कोन कसा बदलते, हे ज्याने स्टॉलचा धडा घेतला आहे त्याला आता नव्याने दिसेल. चांगल्या शिक्षकाची हीच खूण असते. त्याने शिकवून झाल्यावर नेहमीचे जग अधिक स्पष्ट दिसू लागते.

पाठगत प्रश्न – ३
१. विमानाच्या संदर्भात ‘स्टॉल’ म्हणजे काय?
२. चूक की बरोबर ते लिहा : घरच्या संगणकावरील सरावाचे तास परवान्यासाठी मोजले जातात.
३. ‘३५ सेकंद’ कोणत्या कारणासाठी धरण्यात आले?

४. शब्दार्थ

अंगवळणी पडणे – सवयीचे होणे. सर्वश्रुत – सर्वांना माहीत असलेले. दृष्टान्त – समजण्यासाठी दिलेले उदाहरण. स्थूलमानाने – ढोबळपणे. हुबेहूब – अगदी तंतोतंत. विसंबणे – विश्वास टाकून अवलंबून राहणे. ताडून पाहणे – तुलना करून तपासणे.

५. भाषा-अभ्यास

(अ) ‘वाहिनी’ हा शब्द ‘वाहून नेणारी’ या अर्थाचा आहे. जलवाहिनी पाणी वाहून नेते, रक्तवाहिनी रक्त वाहून नेते, व्हिडिओ वाहिनी दृश्य व आवाज वाहून नेते. ‘वाहिनी’ व ‘वहिनी’ या शब्दांत केवळ एका कान्याचा फरक आहे, पण अर्थ पूर्णतः भिन्न आहेत. लिहिताना काळजी घ्यावी.

(आ) परभाषेतून आलेले शब्द मराठीत आले की मराठीचे लिंग व प्रत्यय स्वीकारतात. ‘तो सिम्युलेटर’, ‘ते इंजिन’, ‘ती मोटार’ अशी लिंगे होतात. ‘इंजिनाला’, ‘मोटारीत’, ‘व्हिडिओंचा’ अशी रूपे होतात. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधून त्यांची लिंगे लिहा.

६. तुम्ही काय शिकलात?

• सिम्युलेटरमुळे चूक करून, परंतु जीव धोक्यात न घालता शिकता येते.
• तेजसच्या पहिल्या उड्डाणामागे बेंगळुरूमध्ये जमिनीवर केलेला दीर्घ सराव होता.
• वाहिन्या शिकवणाऱ्या, उलगडा करणाऱ्या व रमवणाऱ्या अशा तीन प्रकारच्या असतात.
• ज्ञान, प्रामाणिकपणा, सत्यासत्य, हेतू व स्वतःचे आकलन या कसोट्यांवर व्हिडिओ पारखावा.
• आभासी अनुभवाला मर्यादा असतात. तो प्रत्यक्षाशी ताडून पाहावा.

७. पाठान्त प्रश्न

१. लिंकच्या यंत्राकडे पाहण्याचा लोकांचा दृष्टिकोन १९३४ नंतर का बदलला?
२. ‘चालवणाऱ्याच्या हातांना मात्र ते विमान अनोळखी नव्हते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. जादूगाराच्या उदाहरणातून कोणता विचार मांडला आहे?
४. हडसन नदीच्या प्रसंगातून सिम्युलेटरची कोणती मर्यादा कळते? तुमच्या शब्दांत लिहा.
५. उपक्रम : तुमच्या व्यवसायाशी किंवा आवडीशी संबंधित (शिवणकाम, शेती, दुरुस्ती, पाककला इत्यादी) एक व्हिडिओ पाहा. पाठातील पाच कसोट्या लावून त्यावर दहा ओळींचे परीक्षण लिहा.

८. पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. (ख) २. अस्थिर ३. अस्थिर विमानाचा तोल संगणक क्षणोक्षणी सावरतो, हे समजावण्यासाठी.
प्रश्न – २ : १. क–२, ख–१, ग–३ २. खोली हळूच मागे कलवून व पडद्यावरील क्षितिज सरळ ठेवून.
प्रश्न – ३ : १. पंखाचा हवेशी होणारा कोन मर्यादेपलीकडे वाढल्याने उचलून धरणारे बल एकाएकी घटणे. २. चूक ३. वैमानिकाला परिस्थिती समजून घ्यायला लागणारा वेळ म्हणून.